आमची मेलेली पोरं आणि तुमची अब्रू



गेल्या महिन्यात बैठक झाली. विषय जयंतीचा. मंडप किती फुटी, डीजे कुणाचा, कमानीवर कुणाकुणाचे फोटो, वर्गणी कुणाच्या खिशातून काढायची. दीड तास हेच. मग मी तोंड उघडलं. म्हटलं, जयंतीच्या आठवड्यात आपण एक काम करू. वस्तीत जेवढ्या गरोदर बाया आहेत त्यांची दवाखान्याची कार्डं बघू. गरमीची तपासणी झाली की नाही बघू. झाली नसेल तर आपण घेऊन जाऊ. नवऱ्यासकट.

'गरमी' हा शब्द पडला आणि बैठक अशी गप्प झाली की जणू मी भर सभेत धोतर सोडलं.

मग एक जण म्हणाला, "काका, बाबासाहेबांच्या जयंतीला असलं घाण काय काढता?" दुसरा म्हणाला, "हे बाहेर गेलं तर ते लोक म्हणतील, बघा, बौद्धवाड्यात हेच रोग. शत्रूच्या हातात कोलीत कशाला?" तिसरा शिकलेला. त्याने शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाला, "हा मूलभूत प्रश्न नाही. हे एनजीओवाल्यांचं काम. आपला लढा व्यवस्थेशी आहे."

विषय तहकूब. मला पुढं बोलू दिलं नाही. म्हणून इथं लिहितो. इथं मधेच हात वर करणारं कुणी नाही.

आधी रोगाचं नाव धडपणे घेऊ. आपल्या म्हाताऱ्या त्याला गरमी म्हणत. पुस्तकात उपदंश. डॉक्टर सिफिलिस म्हणतो. सोळाव्या शतकातल्या भावमिश्र वैद्याने 'भावप्रकाशा'त त्याला फिरंग रोग म्हटलं, फिरंग्यांनी आणला म्हणून. तिकडे फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत आणि इटलीवाले फ्रेंचांचा. आपल्याकडे गावात विचारा, पाटील सांगेल, महारवाड्यातला. मुरळीचा. तमाशातलीचा. म्हणजे हा रोग जिथं गेला तिथं 'आमचा नाही, त्यांचा' एवढंच त्याचं बारसं झालं. आणि आता आपल्या बैठकीत आपली पोरं तेच बारसं घालताहेत. आमच्यात नाही म्हणे.

जंतू मळसूत्रासारखा पिळाचा आहे. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढच्याच वर्षी रक्ताची तपासणी निघाली. पुरुषाला आधी लिंगावर एक चट्टा येतो. दुखत नाही. चार-सहा आठवड्यांत काही न करता बरा होतो. गडी म्हणतो, गेलं. गेलेलं नसतं, रक्तात उतरलेलं असतं. मग कधी अंगावर, तळहातावर, तळपायावर पुरळ येतं. खाजत नाही. तेही जातं. मग वर्षानुवर्षं काही नाही. बाईला चट्टा आतल्या अंगाला येतो, तिला तो दिसतही नाही. तिचं काही दुखत नाही, खुपत नाही. तिला कळतं ते एकदम मेलेलं मूल हातात येतं तेव्हा. तेव्हाही कळत नाही, कारण कुणी सांगत नाही.

हा जंतू वार ओलांडतो आणि पोटातल्या जिवाच्या रक्तात जातो. उपचार झाला नाही तर अशा निम्म्याहून जास्त गरोदरपणांचा शेवट वाईट होतो. कुणाचं पोट पडतं. कुणाचं आठव्या-नवव्या महिन्यात पोटातच मरतं. कुणाचं दिवस भरायच्या आत जन्मतं, मुठीएवढं. कुणाचं जन्मतं आणि आठवड्यात जातं. जगलंच तर नाकातून रक्ताळ शेंबूड, तळपायाची सालं निघालेली, पोट फुगलेलं कारण आत लिव्हर आणि पानथरी सुजलेली, हाडं इतकी दुखरी की पोर हातच हलवत नाही आणि आपण म्हणतो लुळं जन्मलं. काही तर जन्मताना अगदी गोंडस दिसतात. मग दुधाचे पडून पक्के दात आले की ते खाचेचे निघतात, डोळ्यात ढग येतो, कान जातात.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा अंदाज आहे: जगात ११ लाख गरोदर बायांना हा रोग होता आणि त्यापायी ३ लाख ९० हजारांहून जास्त बाळंतपणं बिघडली. पोरं मेली किंवा मरणाच्या दारात जन्मली.

आणि उपाय काय? पेनिसिलीन. १९४३ सालापासून ह्या रोगावर वापरात आहे. बेन्झाथिन पेनिसिलीन, चोवीस लाख युनिट, कुल्ल्यात सुई. रोग नवा असेल तर एकदा. जुना असेल किंवा कधीचा ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी दिली तर आईबरोबर पोटातलं मूलही बरं होतं. दुसऱ्या कुठल्या औषधाचा पोटातल्या पोराला असा भरवसा देता येत नाही. तपासणीला बोटाच्या टोकाचा एक थेंब पुरतो, वीस मिनिटांत उत्तर.

एक थेंब आणि एक सुई. कॅन्सर नाही हा. किडनी बदलायची नाही. परदेशी जायचं नाही. आणि ज्या पोरांसाठी एवढंही झालं नाही त्यांच्या मरणाला तुम्ही मूलभूत प्रश्न नाही म्हणता.

आता माझं सांगतो. सांगणार नव्हतो. पण बैठकीत 'आमच्यात नाही' असं ऐकल्यावर गप्प बसणं म्हणजे आईच्या तोंडावर हात ठेवणं.

माझं नाव केरू. केर म्हणजे कचरा. आपल्या कवितांत आपण कितीदा लिहिलं की मनूने शूद्राचं नाव निंद्य असावं असं सांगितलं, म्हणून आमची नावं धोंड्या, दगड्या, कचऱ्या, उकिरड्या. बरोबर आहे. मनूने ते लिहिलंच आहे. पण माझं नाव मनूने ठेवलं नाही. माझ्या आईने ठेवलं. माझ्या आधीची तिची तीन गेली होती. पहिलं चौथ्या महिन्यात पडलं. दुसरं दिवस भरून मेलेलं आलं. तिसरी मुलगी होती, अकरा दिवस जगली, नाक वाजायचं तिचं, दूध ओढता यायचं नाही. चौथा मी. मला केरात टाकून पुन्हा उचलला, म्हणजे सटवाईला वाटावं की हे कुणाला नको असलेलं पोर आहे, ह्याला कशाला न्यायचं.

आमचा बाप मुंबईला गोदीत होता. माण तालुक्यातले दुष्काळाने हाकललेले सगळे तिथंच. एका खोलीत वीस गडी, पाळीपाळीने झोपणारे. बाया गावी. वर्षातून दोनदा गावी यायचं, शिमग्याला आणि जत्रेला. मुंबईत ज्यांनी कामगार आणले त्यांनी बायकापोरांसाठी खोल्या आणल्या नाहीत. बाकी सगळं आणलं. गोदीच्या आसपास काय काय मिळायचं ते सांगायला नको. बापाला मी शिव्या घालत नाही. घालायच्या असत्या तर तो जिवंत असताना घातल्या असत्या. त्याला चट्टा आला असेल, गेला असेल, तो म्हणाला असेल, बरं झालं.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात कासोविट्झ नावाचा एक डॉक्टर होता. उपचार नसलेल्या बायांचे त्याने हिशेब मांडले. आधी पोट पडतं. मग मेलेलं जन्मतं. मग जन्मून मरतं. मग रोगी पण जगणारं. मग हळूहळू धड. जसजशी वर्षं जातात तसा आईच्या रक्तातला जंतूचा जोर उतरत जातो. दर बाईचं असंच होतं असं नाही, पण क्रम बहुतेक असा. हे मी पन्नाशीत वाचलं आणि पुस्तक बंद करून बसलो. माझ्या आईचा हिशेब हुबेहूब. माझा डावा कान लहानपणापासून गेलेला आहे. त्याला सगळे म्हणायचे मास्तरच्या थोबाडीने गेला. असेलही.

माझ्याकडे पुरावा नाही. आईचं रक्त कधी कुणी तपासलंच नाही. ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं की पांदीतल्या मसोबाला तिने पहिलटकरणीचा नारळ दिला नाही म्हणून तीन गेली. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "हिच्याच पोटात इस्तू हाय." विस्तव हिच्या पोटात! विस्तव आणला कुणी?

पेनिसिलीन तेव्हा होतं की नाही? होतं. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. सरकारचा कारखाना, देशातलं पेनिसिलीन तिथं निघायला लागलं. पिंपरीहून माणला माल यायला तेव्हाही एक दिवसाचा एसटीचा रस्ता. माझी बहीण अकरा दिवस जगली. पुढे तो सरकारी कारखाना आजारी म्हणून जाहीर झाला, आणि पेनिसिलीनच्या कच्च्या मालासाठी देश चीनच्या तोंडाकडे बघायला लागला. २०२० साली सरकारने पुन्हा योजना काढली की हा माल देशात बनवा, पैसे देतो. तिसऱ्या मित्रा, चष्मेवाल्या, ह्याला व्यवस्था म्हणतात. ही सुई साली इतकी स्वस्त आहे की कंपन्यांना तिच्यात रस नाही. ज्या औषधात नफा नाही त्याचा माल जगभर वारंवार तुटतो. तू भांडवलशाहीवर दोन तास बोलतोस. तिची सगळ्यात छोटी बाटली कधी हातात घेऊन बघ.

हे जुनं झालं म्हणाल. मग नवं ऐका.

ह्याच शहरात, आपल्याच निळ्या झेंड्याखालचा एक कार्यकर्ता. आपल्या बैठकीतला नाही, शोधत बसू नका. त्याची बायको मला काका म्हणते. मी तिला वहिनी म्हणतो. तिला विचारून लिहितोय. म्हणाली, "नाव नका घालू. बाकी सगळं घाला."

तिचं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी तिने सगळं नीट केलं. चौथ्या महिन्यात नाव घातलं. रक्त दिलं. गोळ्या खाल्ल्या. दर खेपेला रांगेत चार-चार तास उभी राहिली. आठव्या महिन्यात हालचाल थांबली. मेलेला मुलगा. मी भेटायला गेलो तर सासू म्हणाली, हिला बाहेरचं लागलंय. घरात बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, बावीस प्रतिज्ञांची फ्रेम, आणि म्हणे बाहेरचं लागलंय. मी म्हटलं, कागद दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, शुगर, आणि एक चतकोर चिटोरा, स्टेपल केलेला: व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह, १:३२. तारीख चौथ्या महिन्यातली.

चार महिने तो चिटोरा त्या पिशवीत होता. रक्त काढणाऱ्याने काढलं, लिहिणाऱ्याने लिहिलं, टाचणाऱ्याने टाचलं. वाचलं कुणी नाही. वहिनी दहावी शिकलेली आहे. ती म्हणाली, "मला वाटलं रिअ‍ॅक्टिव्ह म्हंजे चांगलं आसंल. अ‍ॅक्टिव्हसारखं."

मी तिला परत घेऊन गेलो. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही. तिथली सिस्टर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "नवऱ्याला विचार कुठं कुठं जातो. तुमच्या लोकांचं हेच." तुमच्या लोकांचं! चिटोरा तुम्ही वाचला नाही आणि लोक आमचे. वहिनीने पदर तोंडावर घेतला. पण तीन आठवडे तीन सुया घेतल्या. गेली ती. एकटी.

नवऱ्याने घेतली नाही. तो म्हणाला, मला काही झालेलं नाही. मी म्हटलं, तिला कुठून झालं मग? तो म्हणाला, ते मला काय माहीत. असं म्हणून तो मोर्चाला गेला. स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या निषेधाचा मोर्चा होता. भाषण चांगलं केलं म्हणतात.

आता अब्रूचं बोलू. 'ते लोक काय म्हणतील.' गड्यांनो, ते लोक म्हणूनच मोकळे झालेत. वॉर्डात ओरडून म्हणाले. तुम्ही गप्प बसल्याने त्यांचं म्हणणं थांबलं नाही. फक्त वहिनीला उत्तर देता आलं नाही. तिला कुणी सांगितलं असतं की ही तपासणी कधी कधी मलेरियाने, कधी नुसत्या गरोदरपणानेही खोटी रिअ‍ॅक्टिव्ह येते, म्हणून दुसरी करून खात्री करतात, पण त्या दुसऱ्या कागदाची वाट बघत गरोदर बाईची सुई अडवायची नसते, तर तिने चौथ्या महिन्यातच टेबलावर हात आपटून सुई मागितली असती. आपण तिला प्रतिज्ञा पाठ करून दिल्या. तिच्याच कागदावरचा एक शब्द वाचून दिला नाही.

आणि हा रोग आपल्याच लोकांत आहे असं कोण म्हणतं? मळसूत्राच्या जंतूला जात कळत नाही. बंगल्यातल्या बाईलाही तो होतो. फरक एवढाच की तिचा चिटोरा तिचा डॉक्टर वाचतो, त्याच संध्याकाळी फोन येतो, आणि कुणाला कळत नाही. झाकलेली अब्रू आणि जगलेलं पोर, दोन्ही तिला मिळतं. आपल्याला दोन्ही नाही.

१९८९ साली 'लॅन्सेट' ह्या विलायती वैद्यकीय पत्रिकेत राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास छापून आला. दोन खेडी, साडेसहाशे बाया. शंभरातल्या ९२ जणींना अंगाखालचं कसलं ना कसलं दुखणं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ. सगळ्या जातींच्या बाया होत्या त्यात. सगळ्यांनी सोसलं, सगळ्या गप्प. बोलायची सोयच नव्हती. तेव्हा हे आपल्यावरच आलेलं बालंट नाही. आपलं म्हणून जे आहे ते हे, की आपण बोलणारी जमात आहोत असं आपण छातीवर हात मारून सांगतो.

बाबासाहेबांच्या जयंतीला घाण नको म्हणता? १९३४ साली र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. 'समाजस्वास्थ्य'मध्ये लोक लाजेचे प्रश्न विचारायचे, कर्वे उत्तरं द्यायचे. सनातनी पेटले. कर्व्यांची बाजू घेऊन मुंबईच्या कोर्टात कोण उभं राहिलं? डॉक्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण बाबासाहेब उभे राहिले. त्यांना ती घाण वाटली नाही. त्यांना ते ज्ञान वाटलं. १९२८ साली कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल मुंबईच्या कौन्सिलात आलं, त्याला त्यांनी पाठिंबा दिला. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने रोहमांनी असेंब्लीत मांडला. बाईचं पोट हा त्यांच्या राजकारणाचा विषय होता. आपल्या राजकारणात बाईचं पोट फक्त मोर्चाची संख्या वाढवायला येतं.

कुणी म्हणेल, पण १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या बायांना बाबासाहेबांनी तो धंदा सोडायला सांगितला, तेव्हा ते अब्रूचंच बोलत होते. होय. आणि त्यांचं ते भाषण मला कधी कधी कडक वाटतं, हेही लिहून टाकतो. पण ते त्या बायांच्या समोर उभे राहून बोलले. त्यांना बोलावून बोलले. तोंड फिरवून, विषय तहकूब करून नाही.

तोंड कसं फिरवतात ते साहेबाच्या कायद्यात बघा. १८६८ साली इंग्रजांनी सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सोल्जरांना गरमी-परमा होत होता म्हणून. धरलं कुणाला? बाजारातल्या बाईला. तिचं नाव रजिस्टरात, तिची जबरदस्तीने तपासणी, तिला कोंडायला लॉक हॉस्पिटल. कायदा बाईवर होता, सोल्जरवर नव्हता. १८८८ साली तो रद्द झाला. आपल्या घराघरांतून रद्द व्हायचाय. वहिनीने तीन सुया घेतल्या आणि तिचा सोल्जर मोर्चाला गेला.

आता पँथर. आपल्या पिढीने १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेतलं. अभिमानाने घेतलं. त्याच साली, जुलै महिन्यात, तिकडे काय उघडकीला आलं ते आपल्या किती जणांना ठाऊक आहे? अलाबामा राज्यातलं टस्कीगी. १९३२ पासून सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळी माणसं घेतली. त्यातल्या ३९९ जणांना गरमी होती. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे, आम्ही बघतो. आणि नुसतंच बघितलं. चाळीस वर्षं. पेनिसिलीन आल्यावरही दिलं नाही, कारण रोग मरेपर्यंत कसा वाढतो ते त्यांना वहीत लिहायचं होतं. जेवण फुकट, गाडी फुकट, मेल्यावर मूठमातीला पैसे. चाळीस बायकांना रोग लागला. एकोणीस पोरं तो घेऊन जन्मली. त्या माणसांना गाडीतून आणणारी, गोड बोलणारी नर्स काळीच होती, त्यांच्यातलीच. शिकलेली. हे मी मुद्दाम सांगतो. आपल्यातला शिकलेला माणूस चुकीच्या रजिस्टरात नावं भरायला लागला की गोऱ्याची गरजच उरत नाही. १९९७ साली अमेरिकेच्या अध्यक्षाने माफी मागितली. तोवर बहुतेक सगळे मातीत.

काळ्या पँथरांना आपलं सरकार आणि त्याचे दवाखाने काय आहेत हे टस्कीगी बाहेर यायच्या आधीच कळलं होतं. म्हणून १९७० पासून त्यांनी आपल्या शाखांना सांगितलं, फुकट दवाखाना काढा. काढले. सिकल सेलची तपासणी दारोदार जाऊन केली. खांद्यावर बंदूक होती तसा गळ्यात स्टेथोस्कोपही होता. आपण त्यांचं नाव घेतलं, जाकीट घेतलं, भाषेतली आग घेतली. दवाखाना राहिला. मीही तेव्हा दवाखान्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या वयात दवाखाना म्हणजे आम्हाला सुधारणावाद वाटायचा.

'एनजीओवाल्यांचं काम' म्हणणाऱ्याला एवढंच विचारतो: श्रीलंका एनजीओ आहे काय? आपण बुद्धाचा देश म्हणून तिकडे बघतो, बाबासाहेब १९५० साली तिथे जाऊन आले, आपले लोक सहली काढतात, बोधिवृक्षाचं पान वहीत घालून आणतात. त्या देशाला २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणपत्र दिलं की आईकडून पोराला होणारी गरमी आणि एचआयव्ही इथं संपल्यात जमा आहे. क्युबाला २०१५ सालीच मिळालं होतं. गरीब देश दोन्ही. आणि तिकडे श्रीमंत अमेरिकेत २०१२ साली गरमी घेऊन जन्मलेली ३३५ पोरं होती, ती २०२२ साली ३,७६१ झाली, आणि त्यांतही काळ्यांच्या आणि मूळ रहिवाशांच्या वाट्याला इतरांहून कितीतरी जास्त. म्हणजे पैशाने होत नाही. कुणीतरी चिटोरा वाचायला लागतो, सुई कपाटात ठेवायला लागते आणि नवऱ्याला धरून आणायला लागतो. वहीतल्या पानाबरोबर हेही तिकडून आणा.

आपल्या सरकारचं धोरण कागदावर चांगलंच आहे, ते मी नाकारत नाही. पहिल्याच भेटीत प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असं लिहिलंय. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरने गरोदर बायांना फुकट तपासायचं. तर मग ९ तारखेला आपल्या शाखेचा एक माणूस तिथं बाकावर का नसावा? सिस्टर म्हणेल, पेनिसिलीन आम्ही देत नाही, रिअ‍ॅक्शन येते. येते, पण फार विरळ. तिच्यासाठी अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी ठेवायचं असतं, दिल्यावर बाईला अर्धा तास बसवायचं असतं. ज्या बाईला खरंच पेनिसिलीन चालत नाही तिला मोठ्या इस्पितळात थोडं थोडं देऊन सवय करतात आणि मग देतात, कारण पोटातल्या पोरासाठी दुसरी वाट नाही. हे सगळं पाठ करून जा. पुतळ्याच्या परवानगीसाठी आपण कलेक्टर ऑफिसात नियम पाठ करून जातो, तसं. औषध नाही म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितलं की कपाट उघडतं, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, रेशन दुकानापासून.

आणि बायांकडे बाया पाठवा. ही सूचना माझी नाही, वहिनीची. "तुम्ही गडी लोकं आमच्यापुढं गरमी-गरमी करत हिंडू नका. तुम्ही तुमच्या दोस्तांना धरा. आमचं आम्ही बघतो." मला जरा लागलं. पण बरोबर आहे.

वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना. तिच्या रक्ताची तपासणी पुन्हा करायला हवी, कारण सुया घेऊनही ती त्याच माणसाशेजारी निजते ज्याने सुई घेतलेली नाही. ह्या खेपेला सासू सटवाईला काही बोलून बसली आहे म्हणे. मी तिच्या नवऱ्याला तीनदा गाठलं. पहिल्यांदा शिवी दिली. दुसऱ्यांदा निवडणुकीचं काम सांगितलं. तिसऱ्यांदा काही बोलला नाही. बिडी मागितली. मग म्हणाला, "काका, दुखतं का लई?"

म्हटलं, दुखतं. दोन दिवस कुल्ला धरतो.

येत्या ९ तारखेला सकाळी आठ वाजता मी नाक्यावर उभा राहणार आहे. येतो म्हणालाय. बैठकीतल्या तिघांनीही यावं. बाकावर जागा आहे.